दौलत, फॉल्ट सर्किटात नव्हताच

दौलत, फॉल्ट गावला.

आता गावला. तू जाऊन सहा दिवस झाल्यावर, भर दुपारी, माझ्या माईक-भोंग्यांच्या दुकानात, माझ्याच टेबलावर. मास्तरांचा गिटारचा अँप, ज्याच्यापायी आपण सात वर्षं एकमेकांचं डोकं खाल्लं, त्यो आता बिनतक्रार वाजतोय. त्याचा ट्रेमोलो चालू झालाय. झोपाळ्यावर बसून कुणी गाणं म्हणावं तसा आवाज डुलतोय, जवळ येतोय, लांब जातोय. आणि ऐकायला तू न्हाईस. माणसानं जावं, कुणाला चुकलंय, पण असा वाद अर्धा टाकून? जेवून उठलास, भिताडाला टेकून बसलास, आणि गेलास. शेवंता वहिनी म्हणत्यात, हातातली सुपारी बी तोंडात गेली नव्हती. एवढी कसली गडबड रं तुला? सोल्डर तापायला जेवढा येळ लागतो तेवढा तरी थांबायचास.

मला राग दोघांचा आलाय, तुझा आणि माझा. पण आधी फॉल्ट सांगतो, न्हाईतर तू वर बसून जीव खाशील. वर-बिर तू मानत नव्हतास, ते बी ठाऊक हाय. जिथं असशील तिथं ऐक, आणि कुठंच नसशील तर तसा ऐक.

अँपच्या पाठीमागं पायातल्या पेडलचं भोक हाय. त्या भोकात एक प्लग असायचा. त्याला ना वायर, ना पेडल. नुसता प्लग, आतली दोन टोकं एकमेकाला सोल्डर मारून जोडलेली. पेडल हरवलं असंल, म्हणून पाचगणीच्या कुणा शहाण्यानं केलेली सोय. त्यो प्लग भोकात असला की ट्रेमोलो चालू. काढला की बंद. एवढंच. सात वर्षं, दौलत, एवढंच.

आणि त्यो प्लग मी काढला.

कवा म्हणशील, तर अँप आणला त्याच दिवशी. आठव की. जगन्नाथ मास्तर आमच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेतनं जुनं सामान निघतंय असं त्यांनी कुठनं तरी ऐकलं आणि मला घेऊन गेले. संगीताच्या खोलीत अँप पडलेला. अमेरिकन, वॉल्व्हचा, मागं उंदरांनी कापड खाल्लेला. तिथल्या म्हाताऱ्या शिपायानं त्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर लावून दाखवला. घुंघुं करत हुता, पण मास्तरांनी तार छेडली आणि आवाज असा डुलला की त्यांनी डोळेच मिटले. मी बी ऐकला. शाळेनं ट्रान्सफॉर्मर काय दिला न्हाई. अँप यष्टीत मधल्या जागेत ठेवून, त्याला धरून आम्ही घाट उतरलो.

दुकानात आणून पुसायला घेतला. मागं बघतो तर भोकात हा प्लग. पितळी, जाडजूड, इलायती. असला प्लग तवा आपल्याकडं बघायला बी मिळत नव्हता, आपले दोन कार्यक्रमांत ढिले हुयाचे. बिनवायरीचा प्लग म्हंजे कुणाची तरी वायर तुटून मागं राहिलेला, असं मी धरलं. उघडला तर आतली टोकं चिकटलेली. म्हणालो, कुणा अडाण्यानं सोल्डर सांडलंय. अडाणी कोण ते आता कळतंय. एका भजनी मंडळाची माईकची वायर टेबलावर पडली हुती. आतलं सोल्डर उपसलं, प्लग त्या वायरीला बसवला, हात झाडले. दोन मिनिटांचं काम. मला त्याच्यात काय काढलं, काय घातलं असं वाटलंच न्हाई. रस्त्यात खिळा पडलेला दिसला, उचलून खिशात टाकला, तसं.

मग अँप तुझ्याकडं दिला.

तू मिलिटरीत वायरलेसवर हात बसवून पेन्शनीत आलास तवा बाजारातलं पयलं काम मी दिलं, हे मी तुला सतराशे साठ येळा ऐकवलंय, अजून एकदा ऐक. कारण खरं असं हाय की मला जमत न्हाई ते काम मी तुझ्याकडं द्यायचो. माझी रीत तुला ठाऊक हाय. संशय आला की पार्ट काढायचा, नवा टाकायचा, चाललं तर चाललं. तुझं तसं न्हाई. तुझं म्हंजे कोर्ट. गुन्हा शाबीत झाल्याबिगर एक पार्ट काढायचा न्हाई. प्रत्येकाचा एक पाय उचलायचा, मीटर लावायचा, तपासायचा, निर्दोष सुटला की पाय परत होता तिथं जोडायचा. एका साध्या रेडिओला दोन दिवस. मी दारात उभा राहून शिव्या घालायचो आणि तू मान वर न करता म्हणायचास, "इलासराव, निर्दोष माणूस आत जाता कामा नये." 'इलासराव' म्हणालास की समजायचं, आज भांडण हाय.

अमेरिकन अँप, त्याला एकशेदहाची लाईट लागणार. तू ट्रान्सफॉर्मर स्वतः भरलास. तारेचे फेरे मोजत हुतास आणि मी दारातनं हाक मारली, "दौलत, च्या घेणार का?" तू माझ्याकडं जे बघितलंस, बाबा रं बाबा! आकडा चुकला हुता. सगळी तार उलगडलीस आणि पयल्यापासनं सुरू केलंस. वहिनींनी मला पडवीत बसवलं आणि तोंडावर बोट ठेवून बघत राहिल्या. मग घुंघुं करणारे कंडेन्सर तू बदललेस, म्हंजे आधी शाबीत केलेस आणि मग बदललेस. अँप असा गप झाला की चालू हाय का बंद ते कळंना.

आणि ट्रेमोलो मेलेला, पण ते कळलं नंतर.

पाचगणीत डुलत हुता. मास्तरांनी ऐकलेला, मी ऐकलेला. मधी हात लागला फक्त तुझा. आता तूच सांग, माझ्या जागी असतास तर तू काय म्हणाला असतास? तू काय म्हणाला असतास ते मला ठाऊक हाय. म्हणाला असतास, शाबीत कर. पण मी तू नव्हतो.

वाजवून बघायला सवडच नव्हती, अँप तुझ्या टेबलावरनं थेट शिराळ्याला गेला. नागपंचमीचा कार्यक्रम, माणूस मावत न्हाई एवढी गर्दी. मास्तरांनी माईकवर सांगितलं की आता अमेरिकन अँपवर एक खास चीज ऐकवतो. बटन फिरवलं. काय न्हाई. परत फिरवलं. आवाज सरळ, आमच्या गल्लीतल्या भोंग्यागत. पुढं बसलेली पोरं हसायला लागली, मास्तर लाल झाले. मी स्टेजवरनं खाली उतरलो. आयोजक, दुकानदार, आपलं अर्धं इस्लामपूर तिथं उभं. कुणीतरी विचारलं, काय झालं हो? आणि मी म्हणालो, "मिलिटरीवाल्याच्या हातात दिला, मारून आणला."

तू मागंच उभा हुतास. हातात माझाच लाईटचा बोर्ड धरून. मला ठाऊक हुतं तू उभा हायस.

लोक हसले. तू बोर्ड खाली ठेवलास, वायर नीट गुंडाळलीस आणि यष्टीकडं चालायला लागलास. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात हजर. म्हणालास, "अँप दे परत. बघू दे." राग न्हाई, काय न्हाई. मला वाटलं, चला, इसरला. मी किती गाढव असावं त्याला बी काय माप असतंय का न्हाई?

मग सुरू झालं आपलं. दर रविवारी. ट्रेमोलोचा वॉल्व्ह वेगळा, त्याच्याभवती तीन बारके कंडेन्सर, चारदोन रेझिस्टन्स. ते तिघं एकमेकांकडं आवाज टोलवत राहतात आणि त्यानं डुलणं येतं, हे तू मला वहिनींच्या तीन वाट्या मांडून समजावलंस. वाट्यांतली आमटी एकीतनं दुसरीत वतून दाखवलीस आणि वहिनींनी दोघांस्नी बी घातल्या शिव्या. एकेकाचा पाय उचललास. पयला निर्दोष. दुसरा निर्दोष. तिसरा निर्दोष. मला दम निघंना. तू बाहेर गेल्यावर मी तिन्ही एकदम कापून टाकले आणि नवे बसवले. तरी चालंना. तू आलास, कापलेले तीन पडलेले बघितलेस आणि तीन आठवडं माझ्याशी बोलला न्हाईस. तिघं निर्दोष मारलेस, म्हणालास. कंडेन्सरसाठी सुतक पाळणारा माणूस मी दुसरा बघितला न्हाई.

नकाशा पायजे हुता, सर्किटचा. त्यो काय इस्लामपुरात मिळणार? सांगलीला विचारलं, कोल्हापूरला विचारलं. मास्तरांनी पाचगणीला पत्र टाकलं, उत्तर न्हाई. मग तू अँपच्या आतल्या चासीवरनं, त्या पत्र्याच्या सांगाड्यावरनं, बघून बघून स्वतःच काढलास. चित्रकलेच्या मोठ्या कागदावर, पेन्सिलीनं, एकेक वायर. आणि त्या कागदावर एक दिवस बोट ठेवून तू म्हणालास ते मला आता जेवू देत न्हाई.

मीटरचा काटा त्या वॉल्व्हवर उलटा गेला. तू परत लावलास, परत उलटा. म्हणालास, "इलास, ह्यो मेलेला न्हाई. ह्याला कुणीतरी दाबून धरलाय. बोलू नगं म्हणून गप बसवलाय."

मी हसलो. कोण दाबून धरंल, म्हणालो, तुझा सुभेदार?

तू कागदावर वायर धरून बोट सरकवत नेलंस. वॉल्व्हपासनं निघालास, रेझिस्टन्सवरनं गेलास, आणि थेट पेडलच्या भोकावर थांबलास. विचारलंस, "हितं काय लागतंय?"

मी म्हणालो, पेडल. बंद करायला. पाय दिला की डुलणं बंद.

"आणि काहीच लावलं न्हाई तर?"

"तर चालूच असणार की. सगळ्या अँपात तसंच असतंय."

मी तवापतूर असे किती अँप बघितले हुते, दौलत? दोन. दोन्ही आपल्याकडंच बनलेले. पण बोललो असा की जसं मीच अमेरिकेत बसून घडवलेत. तू बोट तसंच ठेवून माझ्याकडं बघितलंस. परत विचारलंस, "तू ह्याच्यातलं काय काढलं न्हाईस नव्हं?" मी म्हणालो, आईशप्पत न्हाई. खोटं बोललो न्हाई रं, माझ्या डोक्यातच नव्हतं. आणि तू मान हलवलीस. "गिटारच्या अँपातलं तुला ठाऊक," म्हणालास, "मला न्हाई." बोट उचललंस आणि दुसरी वायर धरलीस.

आता तुझा राग काढतो. अरं, सगळ्या चासीवर संशय घेतलास! बारक्या रेझिस्टन्सवर घेतलास, सोल्डरच्या टिपक्यावर घेतलास, मास्तरांच्या गिटारवर घेतलास. एकदा तर गावात येणाऱ्या लाईटवर घेतलास. एकट्या माझ्यावर घेतला न्हाईस. ज्यानं शिराळ्यात चारचौघांत तुझं नाव खराब केलं त्याचा शब्द तू मीटर न लावता मानलास. का? असली कसली मिलिटरी तुझी? माझा बी एक पाय उचलून बघायचास की. तेवढं एकदा केलं असतंस तर मी त्याच दिवशी शाबीत झालो असतो.

आणि बाजारानं बी माझाच शब्द मानला. ते तर एका दिवसात. दौलतनं अँप मारला, दौलतकडं सामान दिऊ नका. मंडळं थांबली, हॉटेलवाल्यांचे टेप थांबले, मग रेडिओ थांबले. उलटं झालं असतं, तू म्हणाला असतास की इलासनं बिघडवला, तर इस्लामपुरात कुणी मानलं असतं का? का मानलं नसतं, ते तुला ठाऊक हाय आणि मला बी ठाऊक हाय. आपण दोघं त्यावर कवाच बोललो न्हाई. जयंतीला तुझ्या वस्तीत माझेच भोंगे लागायचे, माझ्या घरी तू जेवायचास, आणि तरी ते तेवढं आपल्यामधी तसंच पडून राहिलं. तुझा हात वायरलेसवर बसलेला, केसाएवढी तार जोडणारा, आणि तू विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी भरायला लागलास. ग्रीसमधी हात घालून. मी एकदा बघायला आलो तर हात पुसत म्हणालास, "ह्याला बी फेरेच मोजायचे असतात." मी हसलो. तू बी हसलास. मला तवाच तिथनं उठून बाजारात जायला पायजे हुतं.

त्या आधी का मागं, मला आठवत न्हाई, स्टँडसमोर आपण च्या घेत हुतो. तू बशीत च्या वतून घेतलास आणि बशीकडंच बघत म्हणालास, "इलास, एक काम कर. कुणी इचारलं तर एवढंच म्हण की चूक कुणाची, ठाऊक न्हाई. माझी न्हाई असं म्हणू नगं. ठाऊक न्हाई, एवढंच म्हण."

सात वर्षांत तू माझ्याकडं मागितलेली ती एकच गोष्ट. आणि मी म्हणालो, "शाबीत कर."

तुझाच शब्द, तुझ्याच तोंडावर. मला लय हुशारी वाटली तवा. तू च्या संपवलास, कप-बशी आत नेऊन ठेवलीस, आणि त्यानंतर परत कवा विषय काढला न्हाईस. रविवारी मात्र येत राहिलास. चार महिन्यांमागं अँप घरी घेऊन गेलास, एकदा निवांत बघतो म्हणून. मास्तरांनी तवापतूर कीबोर्ड घेतला हुता. ते म्हणाले, अहो दौलतराव, कशाला त्रास घेता, आता गिटार कोण ऐकतंय? तू म्हणालास, "गुर्जी, ऐकायसाठी न्हाई."

तू गेल्यावर पाचव्या दिवशी वहिनींनी अँप टेम्पोत घालून पाठवला. वर तुझा कागद दोरीनं बांधलेला. दुसऱ्या दिवशी मी उघडला. खरं सांगू? तुझी चूक शोधायला उघडला. म्हणालो, एकदाचं बघूच, म्हंजे मनाला बरं वाटंल. आतलं काम बघितलं. एक टाका वाकडा न्हाई. मी कापून टाकलेले तीन कंडेन्सर तू चासीच्या कोपऱ्यात पुडी करून ठेवलेले. मग तू करायचास तसं केलं, मीटर लावला. काटा उलटा. तुझ्या कागदावर बोट ठेवलं आणि वायरीवरनं सरकवत नेलं. भोकावर आलो. या खेपेला 'तसंच असतंय' म्हणायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि भोकातली दोन टोकं एकमेकाला टेकवली.

वंव्, वंव्, वंव्, वंव्.

पयलं काय केलं सांगू? तुला हाक मारली. "दौल्या!" म्हणून, केवढ्यांदा. काउंटरला गिऱ्हाईक उभं हुतं ते दचकून मागं सरलं. मग मला प्लग आठवला. पितळी, जाडजूड. भजनी मंडळाच्या माईकला अजून हाय, परवा बघून आलो. झकास चाललाय.

रविवारी तुझा जलदान विधी हुता, विहाराम्होरं मांडव घातलेला. एकेक माणूस उठून चार शब्द बोलत हुता. मी उठलो. माईक माझाच. सगळं सांगितलं. प्लग काढला ते, आईशप्पत घेतली ते, शिराळ्यात बोललो ते. च्याचं बी सांगितलं. बोलताना मला वाटत हुतं की आता कुणीतरी उठंल, शिवी घालंल, एखादी थोबाडीत बसंल. बसली असती तर बरं झालं असतं. एक म्हातारा म्हणाला, "बरं झालं, सांगितलंसा." आणि पुढच्याचं नाव पुकारलं.

नंतर वहिनींकडं गेलो. म्हणालो, वहिनी, माफ करा. त्या रडल्या न्हाईत. माझ्याकडं बघत राहिल्या, तसंच, जसं त्या दिवशी तोंडावर बोट ठेवून बघत हुत्या. मग म्हणाल्या, "भावजी, हितं कशाला सांगितलं? हितल्या कुणाला ते खरं वाटलंच नव्हतं. बाजारात बोलला हुता नव्हं? बाजारात सांगा."

वहिनी हुत्या, म्हणून तू तू हुतास. आता कळलं.

काल बाजाराचा दिवस. सकाळी अँप दुकानाम्होरं टेबलावर मांडला. मास्तरांना बोलावलं. आले गिटार घेऊन, पण लय चिडलेले. "अहो विलासराव, म्हणजे सात वर्षं मी त्या माणसाकडं बघून नमस्कारसुद्धा तोंडदेखला करत होतो, एका प्लगासाठी?" म्हणालो, व्हय. "आणि तुम्हाला आत्ता समजलं?" म्हणालो, व्हय गुर्जी, आत्ता. मग त्यांनी गिटार जोडली आणि वाजवायला बसले. भोकात मी नवीन प्लग घातलेला, टोकं जोडून. आवाज डुलला तशी माणसं थांबायला लागली. कोथिंबिरीच्या पेंढ्या हातात घेऊन बाया थांबल्या. मी माईकवर सांगत हुतो, हा अँप दौलतनं मारला म्हणून मी सांगत फिरलो. दौलतनं मारला नव्हता. मी मारला. दौलतच्या कामात कसलीच खोट नव्हती.

आणि लोक कसे असतात बघ. ज्या तोंडांनी मागं एका दिवसात मानलं त्याच तोंडांनी आता म्हणतात, जाऊ दे की राव, गेलेल्या माणसाचं काय उकरून काढताय. हॉटेलवाला म्हणाला, "एवढं काय त्यात, प्लगच हुता नव्हं?" मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, आम्ही तर त्यांस्नी कधी वाईट म्हणालोच न्हाई. मी म्हणालो, तू म्हणालास, ह्याच पायरीवर बसून म्हणालास. भांडण व्हायची पाळी आली. सोडलं न्हाई मी. दिवसभर एकेकाला धरून सांगितलं, भाजीवाल्याला, कापडवाल्याला, यष्टीच्या कंट्रोलरला. घसा बसला. माझी बायको म्हणाली, आता पुरं करा. म्हणालो, अजून लय जण राहिल्यात.

चारच्या सुमारास शिराळ्याकडचा एक म्हातारा आला. धोतर, डोक्यावर फेटा, काखेत धडप्यात गुंडाळलेला वॉल्व्हचा जुना रेडिओ. बराच येळ मागं उभा राहून ऐकत हुता. मग पुढं आला आणि म्हणाला, "म्हंजे दौलतची चूक नव्हती म्हणता?"

म्हणालो, नव्हती.

"मी तवाच घरात म्हणत हुतो. ह्यो सेट त्यानंच चालू केल्ता एकदा, धा वर्सं वाजला. मग बंद पडला तवा पोरं म्हणाली, त्याच्याकडं नगं, त्यो सामान मारतोय. म्हणून तसाच फळीवर पडलाय बघा." त्यानं धडपं सोडलं. रेडिओ पुसून आणला हुता. काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडं सरकवला. "मग आता त्याच्याकडंच द्यायचा. वस्तीत जाऊन याया येळ न्हाई, माझी यष्टी लागलीया. तुमी पोचवाल का एवढा?"

त्याला ठाऊकच नव्हतं, दौलत.

दिवसभरात मी पन्नास जणांना सांगितलं असंल की दौलतची चूक नव्हती. कुठं अडखळलो न्हाई. आणि ह्या एका म्हाताऱ्याला 'दौलत न्हाई' एवढं सांगायला तोंड उघडलं तर आवाजच फुटंना. मी रेडिओवर हात ठेवून नुसता उभा. त्याला वाटलं मी कबूल झालो. धडपं झाडून खांद्यावर टाकलं, दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, "दौलतला म्हणावं, घाई न्हाई. सवडीनं बघ."

मी म्हणालो, सांगतो.

तर घाई न्हाई, दौलत. सवडीनं बघ.